दर विसावं जर्नल

"आकडा आहे का तुमच्याकडे, मॅडम?" चेअरमननी विचारलं.

आकडा नव्हता. माझ्याकडे चार पानांचा प्रस्ताव होता, आणि टेबलाभोवती बसलेली अकरा माणसं ती चार पानं उलटी-पालटी करत होती. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररी कमिटीची मीटिंग होती. संलग्न कॉलेजांतून दोन ग्रंथपाल कमिटीवर घेतात, त्यातली मी एक.

"नाही सर," मी म्हटलं.

"मग हे कशाच्या आधारावर लिहिलंय? आमच्या प्राध्यापकांनी छापून आलेले पेपर आपल्या वेबसाइटवर फुकट ठेवायचे. उद्या जर्नलवाल्यांची नोटीस आली तर? असली परवानगी कुठलं जर्नल देतं?"

"बरीच देतात, सर."

"बरीच म्हणजे किती?"

चेअरमन माणूस वाईट नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी पुढची मीटिंग आहे. आकडा आणा. नाहीतर हा विषय अजेंड्यावरून काढून टाकू."

मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याच्या एका डिग्री कॉलेजात ग्रंथपाल आहे. माहेर रामनगरचं, मूळ खानापूरकडचं. नोकरीची बरीच वर्षं इथंच गेली. या क्षेत्राबाहेरच्या वाचकांना आधी थोडं सांगायला हवं. जर्नल म्हणजे संशोधनाचं नियतकालिक. प्राध्यापक पेपर लिहून जर्नलला पाठवतात. दोन-तीन जाणकार तो तपासतात, दुरुस्त्या सुचवतात. दुरुस्त्या झाल्या की पेपर स्वीकारला जातो आणि छापला जातो. पण पुष्कळ जर्नल्समध्ये तो वाचायला वर्गणी भरावी लागते. ज्या कॉलेजला ती झेपत नाही, तिथल्या माणसाला फक्त पेपरचं नाव आणि आठ-दहा ओळींचा सारांश दिसतो. आमचं कॉलेज त्यातलंच.

यावर एक वाट आहे. लेखकानं आपल्या पेपरची प्रत स्वतःच, सगळ्यांना उघडता येईल अशा जागी ठेवायची. याला सेल्फ-आर्काइव्हिंग म्हणतात, आणि त्या जागेला रिपॉझिटरी. युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन कपाट समजा. मात्र जर्नलची परवानगी हवी. प्रस्ताव या कपाटाचा होता, आणि चेअरमनचा प्रश्न त्या परवानगीचा.

प्रस्ताव लिहायची वेळ आली ती कुंभारवाड्याच्या सुभद्राबाईंमुळे. आमच्या बॉटनीच्या हेगडेसरांनी जोयड्यातल्या कंदांवर पेपर लिहिला होता. कोनफळ, मुडली, असे कितीतरी कंद इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लावत आल्यात. माहिती बरीचशी सुभद्राबाईंची. सरांनी पेपरच्या शेवटी त्यांचे आभारही मानले होते. बाजाराच्या दिवशी त्या लायब्ररीत आल्या. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सरांनी माझं नाव छापलंय म्हणं. दावा की."

मी कॉम्प्युटरवर पेपर उघडायला गेले. सारांश दिसला. पुढे कुलूप. सरांकडे विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं पीडीएफ आहे, पण ती जर्नलची. कुणाला द्यायची परवानगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. भीती वाटते." स्वतः लिहिलेला पेपर, आणि दाखवायची भीती. सुभद्राबाई खुर्चीवर बसून वाट बघत होत्या. शेवटी मी सारांश मराठीत सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि माझं नाव?" ते सारांशात नव्हतं.

तर असा तो प्रस्ताव. आता आकडा.

लायब्ररीत आम्ही दोघीच. मी आणि अटेंडर शेवंताक्का. शेवंताक्का मिराशी, कुंभारवाड्याच्या बाजूच्याच एका वाडीवरची. शिक्षण सातवी. कॉलेजात येण्याआधी वनीकरणाच्या कामावर रोजंदारीनं होती: खड्डे मारणं, रोपं लावणं, रोपं मोजणं. इंग्रजी अक्षरं लावून वाचते. अर्थ विचारते. एकदा विचारला की पुन्हा विचारत नाही.

मी तिला काम सांगितलं. "अक्का, जगात जर्नल्स हजारोंनी आहेत. त्यातली किती लेखकाला स्वतःची प्रत ठेवू देतात, एवढं काढायचंय."

"सगळ्यांस्नी विचारायचं?"

"नाही. एक डिरेक्टरी आहे ऑनलाइन. कुठल्या प्रकाशकाचं काय धोरण आहे, ते त्यात लिहिलंय."

मी लगेच कामाला लागले. डिरेक्टरीत प्रकाशकांची यादी होती. परवानगी देणारे किती, न देणारे किती, मोजत गेले. नेट येत-जात होतं. पावसात आमच्याकडे ते असंच. दोन दिवसांत माझ्याकडे एक आकडा आला, आणि तो मला आवडला. मी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला.

शेवंताक्का नियतकालिकांच्या रॅकवरची धूळ पुसत होती. म्हणाली, "बाई, हे कंपन्या मोजल्या न्हवं तुमी?"

"हो."

"ह्या एका कंपनीच्या नावाचं हितं अख्खं फळकूट भरलंय." तिनं हातातल्या फडक्यानं दाखवलं. "आणि ह्या कंपनीचं एकच हाय. तुमच्या कागदात दोघंबी एक-एकच?"

मी रॅककडे बघत राहिले. चूक एवढी ढोबळ होती की सांगायला आजही लाज वाटते. काही प्रकाशक हजारो जर्नल्स काढतात, काही एकच. मी दोघांना एकेकच मत दिलं होतं. प्रश्न जर्नल्सचा होता आणि मी मोजले होते प्रकाशक. ग्रंथालयशास्त्राची डिग्री माझ्याकडे होती, आणि फडकं तिच्याकडे.

कागद फाडला. पुन्हा सुरुवात.

आता ठरवलं की जगातली सगळी जर्नल्स आपल्या कामाची नाहीतच. आपल्या युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक ज्यांत लिहितात ती घ्यायची. गेल्या काही वर्षांच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक विभागाच्या पेपरांची यादी असते. त्यातून जर्नल्सची नावं काढली, दुबार आलेली गाळली. तरी यादी साडेतीन हजारांच्या आसपास गेली. एकेक जर्नल तपासायला सरासरी अर्धा तास. हिशेब न करताही कळत होतं की तीन आठवड्यांत हे होणार नाही.

"अक्का, जंगलात रोपं मोजायचात तेव्हा सगळी मोजायचात?"

"न्हाई वो. डोंगरभर कोण मोजतंय? ठरीव अंतरावर पट्टी धरायची. त्या पट्टीत जेवढं सापडंल तेवढं मोजायचं. त्यावरनं साहेब लोक सगळ्याचा अंदाज काढतात."

आमच्या शास्त्रात याला सॅम्पल म्हणतात. यादी अक्षरक्रमानं लावली आणि दर विसावं जर्नल उचललं. पहिलं कुठलं घ्यायचं, त्यासाठी वीस चिठ्ठ्या केल्या. शेवंताक्कानं चिठ्ठी काढली. सात. सातवं, सत्ताविसावं, सत्तेचाळिसावं. अशी पावणेदोनशेच्या आसपास जर्नल्स झाली. ती मोठ्या वहीत लिहिली, एका ओळीत एक. वही शेवंताक्काकडे.

एकेक धोरण वाचायला लागल्यावर कळलं की "परवानगी आहे का?" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या प्रतीला, हेही विचारायला हवं. पेपरच्या प्रती तीन. पहिली, जर्नलला पाठवली ती कच्ची. दुसरी, दुरुस्त्या होऊन स्वीकारली गेली ती. तिला अक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट म्हणतात. मजकूर पक्का, फक्त जर्नलची सजावट नाही. तिसरी, जर्नलनं छापलेली. बरीच जर्नल्स तिसरी ठेवू देत नाहीत, पण दुसरी देतात. काही म्हणतात, छापल्यावर सहा महिने किंवा वर्षभर थांबा, मग ठेवा. आम्ही ठरवलं की निदान दुसरी प्रत चालत असेल, थांबून का होईना, तर ते "हो".

शेवंताक्कानं वहीत तीन रकाने आखले. हो, नाही, आणि तिसऱ्याला नाव नव्हतं.

तिसऱ्या रकान्यावरून आमचं वाजलं.

डिरेक्टरीत मोठ्या परदेशी जर्नल्सची धोरणं व्यवस्थित होती. पण आपल्याकडची छोटी जर्नल्स, एखाद्या कॉलेजनं काढलेली, एखाद्या मंडळाची, मराठी-कन्नडमधली, त्यात सापडत नव्हती. त्यांच्या वेबसाइटवर धोरण नव्हतं. काहींची वेबसाइटच नव्हती. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर मी कंटाळले. वहीत मागे राहून गेलेल्या सत्ताविसाव्या जर्नलच्या नावावर रेघ मारली आणि मूळ यादीतलं पुढचं, अठ्ठाविसावं नाव लिहायला सांगितलं. त्याचं धोरण स्पष्ट दिसत होतं.

शेवंताक्कानं पेन खाली ठेवलं.

"असं न्हाई चालायचं, बाई."

"का नाही? सत्ताविसाव्याचं काही कळत नाही. शेजारचं घेऊ. एकाच्या जागी एक."

"आमच्या कामावर एक मुकादम हुता," ती म्हणाली. "पट्टी उतारावर आली की तो म्हणायचा, तिकडं जळवा हायत, हितं रस्त्याकडंचं मोजा. रस्त्याकडंला रोपं झकास. येता-जाता पाणी घाललेली. उतारावर निम्मी मेलेली. तो कागद साहेबाकडं गेला की साहेब म्हणायचा, वा, समदं जगलंय. पुढच्या साली त्या उतारावर रोपंच यायची न्हाईत, कागदावर समदी जगलेली म्हणून."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी उतारावर जायाचो." आमच्याकडे बायकाही जातो-येतो असंच म्हणतात. "मेलं असंल तर मेलं लिवायचं. खड्डा दिसंना तर दिसला न्हाई लिवायचं. पर जागा बदलायची न्हाई. मुकादम लई बोलला. दोन दिस कामावर घेतलं न्हाई. पर माझ्या पट्टीत जे हुतं तेच मी सांगिटलं."

जी जर्नल्स सहज सापडतात तीच मोजली तर आकडा त्यांचाच येणार, सगळ्यांचा नाही. पुस्तकात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ही बाई त्यासाठी जळवांच्या उतारावर गेली होती आणि घरी बसली होती. मी रेघ मारलेलं नाव पुन्हा लिहिलं. तिसऱ्या रकान्याला नाव दिलं: माहीत नाही.

"आता ह्यास्नी विचारूया की," शेवंताक्का म्हणाली. "नंबर असंल न्हवं कुटंतरी?"

ज्यांचे ईमेल मिळाले त्यांना मी लिहिलं. ज्यांचे फोन मिळाले ते तिनं घेतले. कन्नडवाल्यांशी कन्नडमधून, मराठीवाल्यांशी मराठीतून. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर नेटवर्क बरं येतं, तिथं वही मांडीवर घेऊन बसायची. एका त्रैमासिकाच्या संपादकांशी झालेलं बोलणं मी दारात उभी राहून ऐकलं. त्यांचा आवाज मोठा होता, तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"नमस्कार साहेब, जोयड्याच्या कॉलेजातनं बोलतो."

"कुठलं जोयडा?"

"उत्तर कन्नड, साहेब. सुप्याचं धरण हाय न्हवं, तो तालुका."

"तिथून आमच्या त्रैमासिकाची चौकशी?"

"व्हय. तुमच्यात ज्यानं लेख लिवला त्यानं आपल्या कॉलेजाच्या कपाटात, म्हंजे कॉम्प्युटरच्या, एक प्रत ठेवली, समद्यांस्नी वाचाय मिळंल अशी, तर तुमची हरकत हाय काय?"

ते म्हणाले, "हरकत कसली? उलट बरंच आहे. पण आजवर कुणी विचारलंच नाही हो आम्हाला."

"मग दोन वळी लिवून धाडा."

"सांगितलं की आत्ता!"

"सांगिटलेलं माझ्या कानात ऱ्हाईल साहेब. बाईंस्नी कागद लागतोय."

दोन ओळी आल्या. अशा आणखीही आल्या. सगळ्यांनी उत्तर दिलं असं नाही. एकानं "वेळ नाही" म्हणून फोन ठेवला. एक त्रैमासिक बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण संपादकांच्या पत्नी अर्धा तास बोलल्या. एका संपादकांनी "आमची परवानगी नाही" असं ठणकावून सांगितलं. शेवंताक्कानं "बरं साहेब" म्हणून "नाही"च्या रकान्यात टिक केली. मी असते तर वाद घातला असता. "त्यांचं उत्तर हाय ते," ती म्हणाली. "आपण इचारलं, त्यांनी सांगिटलं. आयतु." आयतु म्हणजे झालं, संपलं.

या सगळ्यात हेगडेसर एक दिवस वहीत डोकावले. त्यांचं कंदांच्या पेपरचं जर्नल आमच्या पट्टीत नव्हतं. पण शेवंताक्कानं विचारलं, "सर, तुमचं बघू काय?" मी धोरण शोधलं. अक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट ठेवायला परवानगी, छापल्यावर वर्षभरानं. वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं.

सरांना खरं वाटेना. दोनदा वाचलं. मग कपाळावर हात. "पण ती फाइल कुठाय? जुना लॅपटॉप बिघडला माझा." शेवटी जर्नलला पाठवलेल्या एका ईमेलला ती जोडलेली सापडली. मी प्रिंट काढली.

पुढच्या बाजाराला सुभद्राबाई आल्या. आधी त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग मी पेपर मराठीत सांगायला लागले. सर शेजारी बसले होते. त्या मान हलवत होत्या. फोटोंचं पान आलं तशी मान थांबली.

"हे काय लिवलंय ह्याच्या खाली?"

"मुडली," मी वाचलं.

"ही मुडली न्हाई. मुडली ती खालची. नावं उलटी झाल्यात, सर."

हेगडेसरांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. तपासणाऱ्या जाणकारांना ते दिसलं नव्हतं. सरांनाही नाही. ते उठून उभे राहिले. "मावशी, तुम्हाला हा पेपर आधीच दाखवायला पाहिजे होता. माझी चूक." त्याच दिवशी त्यांनी जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. आपला पेपर चुकला हे स्वतःहून कळवणारे लोक मी फार पाहिलेले नाहीत.

मीटिंगच्या आदल्या दिवशी आम्ही रकाने मोजले. मी मोजले, मग तिनं मोजले. जुळले. "हो" सगळ्यात जास्त होते. "नाही" माझ्या अंदाजापेक्षा खूपच कमी. उरलेले "माहीत नाही". रिपोर्ट लिहिताना मोह झाला की "माहीत नाही" वगळून टक्केवारी काढावी. मस्त फुगली असती. आम्ही उलट केलं. सगळे "माहीत नाही" हे "नाही"च आहेत असं धरलं आणि पुन्हा हिशेब मांडला. तरीही "हो" निम्म्याच्या वर राहिले.

मीटिंगमध्ये चेअरमननी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. हे रोज होत नाही. स्टॅटिस्टिक्सचे एक सीनियर प्रोफेसर कमिटीवर होते. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मॅडम, न कळलेली सगळी तुम्ही विरोधात धरलीत. तुमचाच आकडा कमी केलात."

"हो सर. याहून कमी असणं कठीण. जास्त असू शकेल."

"आणि जे सापडलं नाही त्याच्या जागी दुसरं घेतलं नाहीत?"

"नाही सर."

"का?"

"घेणार होते. आमच्या अटेंडरनी घेऊ दिलं नाही."

दोन-तीन जण हसले. प्रोफेसर हसले नाहीत. "हे त्यांना कुणी शिकवलं?"

मी मुकादमाची आणि उताराची गोष्ट थोडक्यात सांगितली. ते ऐकत राहिले. मग चेअरमनना म्हणाले, "माझे पीएचडीचे विद्यार्थी ही चूक करतात. दरवर्षी. सर, मला या आकड्यावर शंका नाही."

चेअरमननी रिपोर्टचं पहिलं पान उलटलं. "इथं करणारे म्हणून दोन नावं आहेत. दुसरं नाव त्यांचं?"

"हो सर. शेवंता मिराशी."

"राहू दे," ते म्हणाले. "मीटिंगच्या मिनिट्समध्येही तसंच घ्या."

प्रस्ताव मंजूर झाला. काही दिवसांनी मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, आलं तेव्हा मी शेवंताक्काला त्याची प्रत दाखवली. तिनं आपलं नाव अक्षरं लावून वाचलं. आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं. "हे दुरुस्त कराय सांगा," म्हणाली आणि पुस्तकं रॅकवर लावायला गेली. दुरुस्त करून घेतलं.

कपाट आता चालू आहे. त्याला बराच काळ झाला. खरं सांगायचं तर ते अजून निम्मंही भरलेलं नाही, आणि याला जर्नल्स जबाबदार नाहीत. मी प्राध्यापकांना फोन करते. "सर, तुमच्या जर्नलची परवानगी आहे. स्वीकारलेली प्रत पाठवा." पलीकडून उत्तर येतं, "कुठली प्रत? ती आता कुठाय कुणास ठाऊक." कुणाचा कॉम्प्युटर बदललाय, कुणाचा ईमेल. कुणी छापलेली पीडीएफ पाठवतं, जी आम्हाला ठेवता येत नाही. जर्नलवाले किती आडवे येतात याचा अंदाज काढायला आम्ही तीन आठवडे घालवले. लेखकांकडे स्वतःची फाइल असते का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

म्हणून आता कॉलेजात नवीन प्राध्यापक आले की मी त्यांना लायब्ररीचे नियम सांगत नाही. एकच गोष्ट सांगते. पेपर स्वीकारल्याची मेल आली की पेढे वाटायच्या आधी ती फाइल दोन ठिकाणी सेव्ह करा, आणि त्यातली एक मला पाठवा.